पाहुण्यांना जेवू घातलं म्हणून

लंडनच्या कडेला हॅरोमध्ये म्हाताऱ्यांचं केअर होम आहे, तिथे लाँड्रीत कपडे धुवायला मी आणि ती, दोघीच. ती पॅसिफिकमधल्या एका बेटावरची. तिची म्हातारी आई अजून तिथेच किनाऱ्यावर राहते. त्या जागेवर एका कंपनीला हॉटेल बांधायचं आहे. महिन्याभरात घर रिकामं करा, अशी नोटीस आली.

कंपनी म्हणते, जमीन आमचीच. तिच्या पणजोबांच्या वेळी एक गोरा व्यापारी खोबरं वाळवायला जागा मागायला आला. तिकडे आलेल्याला नाही म्हणत नाहीत. त्याने दिलेला कापडाचा गठ्ठाही पणजोबांनी घेतला, कारण भेट परत करणं म्हणजे अपमान. मग त्याने एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला. तो कागद विक्रीचा निघाला, आणि आज तो या कंपनीच्या हातात आहे. गावाने व्यापाऱ्याचं कुंपण उपटलं तेव्हा बंदुका घेऊन शिपाई आले. तरी गाव हललं नाही.

कंपनीचं ऑफिस इथे लंडनमध्येच आहे. तिथे जाताना ती मला म्हणाली, "तू नुसती शेजारी बस. दोन बायका असल्या की माणूस जरा कमी खोटं बोलतो."

"मला अशा ठिकाणी बोलता येत नाही."

"म्हणून तर नेतेय. मध्येच तोंड घालणारी मला नको."

मी चौथी शिकलेली. तरी ट्रेनमध्ये दोन इंग्लिश वाक्यं पाठ करत गेले.

ऑफिसातल्या माणसाने फोटो पुढे ठेवले. कंपनीचे जमीन मोजणारे चटईवर बसलेत आणि म्हातारी त्यांना मासे वाढतेय.

"तुमच्या आईची संमती आहे," तो म्हणाला. "तिने आमच्या माणसांचं स्वागत केलं. त्यांनी दिलेली टॉर्चही घेतली."

"ते भरदुपारी आले होते," ती म्हणाली. "उपाशी होते."

त्याने ते लिहून घेतलं नाही.

मला सांगायचं होतं, मीसुद्धा वाढलं असतं. मीटर बघायला येणाऱ्यालाही मी पाणी विचारते. पण पाठ केलेल्यातलं एकही वाक्य मी बोलले नाही. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

परवा सकाळी लाँड्रीत तिच्या आईचा फोन आला; तिकडे तेव्हा रात्र होती. त्यांच्या भाषेत ती बराच वेळ काहीतरी बजावत होती. फोन ठेवून ती मशीनमधल्या चादरी काढायला लागली.

"काय म्हणालीस आईला?" मी विचारलं.

"आता कोणी आलं तर पाणीसुद्धा देऊ नकोस."

"मग?"

"म्हणाली, आज दुपारीच आले होते. जेवून गेले."

फोटो काढले का, हे तिने आईला विचारलं नव्हतं. मीही तिला विचारलं नाही.