आणि पलीकडे?

मिराल्डाच्या घरातून समुद्र ऐकू यायचा, पण तिथे जायची मुभा नव्हती. सारेमा या एस्टोनियन बेटाचा तो पश्चिम किनारा सोव्हिएत सैन्याने युद्धानंतर कुंपण घालून बंद केला होता. कुणी पळू पाहिलं तर पावलं दिसावीत म्हणून सैनिक वाळू नांगरून ठेवायचे.

पलीकडे स्वीडनचं गोटलंड बेट. युद्धाच्या शेवटी धाकटी बहीण आर्मिल्डे शेजाऱ्यांच्या होडीतून तिकडे निसटली. मिराल्डा आजारी आईपाशी थांबली. मागून येते, म्हणाली होती. आई गेली तोवर गावातल्या होड्या सैन्याने फोडून टाकल्या होत्या.

सामूहिक शेतावर गाईंच्या धारा काढता काढता मिराल्डाची साठी उलटली. आर्मिल्डेची पत्रं यायची, पण आधी दुसऱ्याच कुणी उघडून वाचलेली. त्यामुळे त्यांत हवापाणी आणि विणायच्या जाळ्यांपलीकडे काही नसायचं. पश्चिमेचं वारं सुटलं की मिराल्डा अंगणात येऊन उभी राहायची. शेजारीण युला चिडवायची, "थांब अजून थोडा वेळ. बहिणीने कॉफी ठेवली असेल, वास येईल."

एका एप्रिलमध्ये दूर समुद्रात तेलाचं जहाज फुटलं. तेल किनाऱ्याला लागलं आणि सैनिकांना आवरेना, तेव्हा कमांडरने गावाला फावडी घेऊन बोलावलं. फाटक उघडलं. इतकी वर्षं जो किनारा मिराल्डा डोळे मिटून बघत आली होती, तो काळाकुट्ट होता. दगडांवर डांबरासारखा थर, त्यात पंख चिकटलेली बदकं. तिने वाकून पाण्यात हात घातला, तो कोपरापर्यंत काळा झाला. युलाला नेहमी काहीतरी सुचायचं. त्या दिवशी तिने नुसतं फावडं उचललं.

या समुद्राला बाहेर पडायची वाट चिंचोळी. आत सांडलेलं आतच फिरतं. म्हणून भोवतालच्या देशांनी, एरवी एकमेकांचं तोंड बघत नसले तरी, तेलाची खबर परस्परांना द्यायची, मदतही करायची, असा करार केला होता. त्या करारानुसार स्वीडनहून दोन तज्ज्ञ आले, सोबत एक तरुण दुभाषी. ती मिराल्डाशी एस्टोनियनमध्ये बोलली. भाषा जुन्या वळणाची, युद्धाआधीच्या शाळेतल्यासारखी.

"कुठे शिकलीस गं?" मिराल्डाने विचारलं.

"घरीच, आजी. आई या बेटावरचीच." मग मागे उभ्या कमांडरकडे एक नजर टाकून तिने मिराल्डाला मोठ्याने विचारलं, "तेल आधी कुठे दिसलं?"

मिराल्डाच्या मांडीवर एक बदक होतं. त्याचे पंख पुसत, हवेबद्दल बोलावं तशा सुरात ती म्हणाली, "त्या खडकांपाशी. पण वारं फिरलं की हे तुमच्याकडे येणार. गोटलंडला स्लिटे बंदरात आर्मिल्डे जाळी विणते. तिला सांग, मिराल्डा पाण्यापर्यंत आली होती."

मुलीने वहीत काहीतरी टिपलं. मग रशियनमध्ये कमांडरला म्हणाली, "बाई वाऱ्याचं सांगतायत."

किनारा साफ झाला, फाटक बंद झालं, वाळू पुन्हा नांगरली गेली. शरदात आर्मिल्डेचं पत्र आलं. हवापाणी बरं आहे, वसंतात वारं फिरलं आणि आमच्याकडेही तेल आलं, मीही फावडं घेऊन गेले, खडकांपाशी खूप वेळ उभी होते, असं लिहिलं होतं. वाचणाऱ्याने त्यावर काट मारली नव्हती. मिराल्डाने ते युलाला दोनदा वाचून दाखवलं. निरोप पोचला होता.

काही वर्षांनी सोव्हिएत सैन्य गेलं, कुंपण निघालं. पण आर्मिल्डे आधीच्याच हिवाळ्यात गेली होती. युलाने फेरीबोटीचं नाव काढलं, तर मिराल्डा म्हणाली, "आता कुणाकडे जाऊ?"

ती रोज किनाऱ्यावर मात्र जायची. दर वसंतात पक्षी मोजायला दोन्ही देशांच्या मुली एकत्र यायच्या. मिराल्डा त्यांना उकडलेले बटाटे आणि खारवलेले मासे द्यायची. इथली बदकं किती, हे ऐकून घेतल्यावर हळूच विचारायची, "आणि पलीकडे? तिकडचे खडक स्वच्छ आहेत ना गं?"

मुली हो म्हणायच्या. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची.