बसवलेले आकडे

तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं जर्मनीतल्या एका कॉलेजशी सूत जुळलं. आम्ही घरबांधणीचे जांभ्या दगडाचे चिरे मशीनमध्ये फोडून त्यांची ताकद मोजायची, आकडे त्यांना द्यायचे आणि आमच्यातल्या एकाने उन्हाळ्यात तिकडे शिकायला जायचं. वर्गात पहिली मी, त्यामुळे माझंच नाव पुढे होतं. बाबांनी तर पासपोर्टचा फॉर्मही आणून ठेवला.

गटात तीन मुलगे आणि मी. मशीन मुलग्यांनी चालवायचं, जर्नल मी लिहायचं. "तुझं अक्षर मोत्यासारखं," असं म्हटलं की मी खुलायचे. मूर्ख कुठली! जर्नलची रीतही ठरलेली होती. उत्तर आधी पुस्तकातून घ्यायचं, मग त्यावरून आकडे बसवायचे. सगळेच बसवत.

आमचे चिरे पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यावरच फुटले. गटप्रमुख संगमेश्वरचा. तो म्हणाला, "अगो, हे असं परदेशात धाडलंस तर अब्रू जाईल आपली. बसव की!" मी बसवले. अगदी सुवाच्य.

फेब्रुवारीत तिकडच्या प्राध्यापक बाई आल्या. त्यांनी फाइल चाळली, माझं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "एक चिरा माझ्यासमोर फोडून दाखव." तीन वर्षांत मी त्या मशीनला हात लावला नव्हता. कुठलं बटण दाबायचं हेच कळेना. शरमेने कान तापले. शेवटी गटप्रमुख पुढे झाला, आणि चिरा निम्म्यावरच फुटला.

"हा एखादा खराब असेल," तो म्हणाला. बाईंना ते पटतही होतं. मी नुसती मान डोलावली असती तरी जर्मनी पक्की होती. पण तोंडून निघालं, "खराब नाही. सगळे असेच फुटले. आकडे मी बसवलेत."

आमचे सर लालबुंद झाले. तेवढ्यात लॅबमधले शिपाईमामा म्हणाले, "खाणीतून काढलेला चिरा तसाच आणलात तुम्ही. वारा-ऊन खाऊन कडक झाल्याशिवाय कोण लावतो तो भिंतीला?" आम्ही चौघंही चिऱ्याच्या घरांत वाढलेलो, पण हे एकालाही सुचलं नव्हतं. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बाईंना सांगितलं, तर त्यांनी मामांना खुर्ची दिली आणि वही उघडली.

जर्मनीसाठी दुसऱ्या गटातल्या एका मुलाची निवड झाली. मी खूप रडले. बाबांनी पासपोर्टचा फॉर्म रद्दीत टाकला. गप्प बसायला हवं होतं, असंही वाटून गेलं, खोटं कशाला सांगू?

दीड महिन्याने वाळलेले चिरे फोडायला घेतले, तेव्हा गटप्रमुखाने जर्नल स्वतःकडे ओढलं. "तू चालव गो मशीन," तो म्हणाला. "येईल तो आकडा मी लिहितो." पहिला चिरा फुटला तो आकडा मला आजही पाठ आहे. पुस्तकातल्यापेक्षा तो थोडा कमीच होता, आणि त्याने तो तस्साच लिहिला.