माझ्या गालातले किडे

चेन्नईला बदली होऊन वर्ष उलटलं, तेव्हा माझं नाक आणि गाल कायमचे लाल राहायला लागले. आधी वाटलं, इथलं ऊन. मग बारीक पुळ्या आल्या. मैलापूरच्या आमच्या बँकेत मी काउंटरवर बसायचो. समोरचा माणूस पासबुक पुढे करता करता माझ्या नाकाकडे बघायचा.

एकदा मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून हळूच विचारलं, "सर, तुम्ही... घेता का?"

"नाही हो. कधीच नाही."

त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. न प्यायल्याचा पुरावा कुठून आणायचा? दुसऱ्या दिवसापासून मला आत रेकॉर्ड रूममध्ये बसवलं.

मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने लाली गेली. मलम सोडलं की दुपटीने परत यायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"या मलमात स्टेरॉइड आहे. आधी ते बंद करा," त्या म्हणाल्या. गाल पात्याने अलगद खरवडून निघालेलं त्यांनी तेलाच्या थेंबात, काचेवर ठेवलं आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. लांबट, पारदर्शक किडे. इवलेसे पाय हलत होते.

"हे सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतात, माझ्याही. तुमच्या फार वाढलेत."

"यांच्यामुळेच झालं हे?"

"रोझेशियात, म्हणजे तुमच्या या लालीच्या आजारात, ते जास्त सापडतात. पण आधी किडे वाढतात की आधी आजार होतो, ते नक्की सांगता येत नाही. कमी केले की पुष्कळांना बरं वाटतं."

"सगळे मरतील?"

"नाही."

घरी बायकोला सांगत होतो, ते सहा वर्षांच्या लेकीने ऐकलं. "माझ्या तोंडावरपण आहेत?" खोटं बोलायचं सुचलं नाही. "असतात सगळ्यांच्या, थोडे," म्हणालो. ती न्हाणीघरात पळाली. मी पोचलो तेव्हा साबणाने गाल घासत होती, लालभडक होईपर्यंत, हुंदके देत. मी तिचे हात धरले. साबण धुऊन काढला.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या नव्या मलमाने पहिले काही आठवडे फरकच दिसला नाही. तीन महिन्यांत पुळ्या गेल्या. लाली फिकट झाली, गेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत उसळू शकतं.

मॅनेजरांना विचारलं, "आता काउंटरवर येऊ?"

"तिथे नवीन मॅडम बसतात, सर," ते फायलीतून मान वर न करता म्हणाले.

मी "बरं" म्हणालो आणि आत गेलो.