चढणीचे बाण

आमच्या बाणरावांना तुम्ही ओळखत नसाल तरी बिघडत नाही, ते स्वतःच येऊन ओळख करून देतील. पाठपिशवी घेतलेला कोणी बसमधून उतरला, की हा माणूस चहाच्या टपरीवरून उठलाच म्हणून समजा. "तळ्याच्या वाटेनं जाणार? वा! दगडांवर लाल बाण दिसतील ना, ते आपले." आपले म्हणजे त्याचे. वाट आपली, तळं आपलं, अख्खा डोंगर आपला. डोंगराला तोंड नाही म्हणून चाललंय.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, नातंच तसं आहे. इथे करणार नाही.

गावाभोवतीच्या डोंगरवाटांवर बाण रंगवायचे, ही त्याची पर्यटन कचेरीतली नोकरी. माझं बूट-काठ्यांचं दुकान नेमकं वाट सुरू होते तिथे. बूट भाड्यानं देते, फाटलेले शिवते, निघालेले सोल चिकटवते. त्यामुळे वर जाणारा-येणारा प्रत्येक जण मला दिसतो, आणि हाही दिसायचा. रंगाचे डाग पडलेली विजार घालून हा लग्नकार्यालासुद्धा जायचा. काय करतो हे कोणी विचारायची वाट बघावी लागू नये म्हणून. एकदा धाकटीनं ती विजार रॉकेल लावून स्वच्छ धुतली, तर स्वारी तिच्याशी आठवडाभर बोलली नाही. मला वाटलं सुटली बिचारी. पण ती रडत माझ्याकडे आली. असल्या नवऱ्यासाठी रडणारी बहीण आपल्याच आईच्या पोटी कशी जन्मली, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

आणि कामात तरी हुशार असावा! घरी रंग कालवायची धाकटी. ब्रश धुवायची धाकटी. डबा-बिबा पिशवीत भरून दारात आणून ठेवायची, तीही धाकटी. तिच्या हातांना कायम रॉकेलचा वास. हा सकाळी नुसता पिशवी उचलायचा, चढता चढता समोर येईल त्या दगडाच्या तोंडावर बाण ओढायचा, आणि माथ्यावर पोचला की रोपवेच्या पाळण्यात बसून खाली. कचेरीचा माणूस म्हणून फुकट. "या डोंगरावरून मी डोळे मिटून उतरतो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ते खरंच होतं. पाळण्यात बसलं की त्याला झोप लागायची.

तीच वाट वरून उतरताना कशी दिसते, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याचे सगळे बाण चढणाऱ्याला दिसणारे. वरून खाली येणाऱ्याला नुसत्या दगडांच्या कोऱ्या पाठी. पण हे कोणाच्या लक्षात येणार? तळं बघून पाय गळालेली माणसं पाळण्यातूनच उतरायची, तीही डोळे मिटून.

मग यंदा रोपवेची दोरी बदलायला काढली आणि पाळणे बंद झाले. लोक पायी उतरायला लागले, आणि बाणरावांचं बिंग फुटायला लागलं. कोणी घळीत उतरून बसलं, कोणी काटेरी रानात घुसलं. माझ्या दुकानात फाटके बूट आणि शिव्या, दोन्हींचा ढीग पडला. शेवटी कचेरीतल्या बाई स्वतः आल्या. रविवारी मोठा गट येणार होता, शाळेतली मुलं होती त्यात. "त्याआधी उतरणीचे बाण झाले पाहिजेत," बाईंनी त्याला माझ्या दुकानासमोर उभं करून सांगितलं.

"लोकांना मागे वळून बघता येत नाही का?" हा म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं!

बाईंनी नुसतं "रविवार" म्हटलं. तेव्हा "होऊन जाईल" म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी याचा गुडघा धरला. चढायला धरलेला गुडघा टपरीवर जाताना कसा सुटतो, हे मला कोणी समजावून सांगा.

सकाळी दुकान उघडते तर दारात धाकटी. हातात रंगाचा डबा, पायात घरातल्या चपला.

"ताई, माझ्या मापाचे बूट आहेत का गं?"

"तू? तू कुठे निघालीस?"

"त्यांचा गुडघा दुखतोय. मीच जाते म्हटलं. वर त्यांच्या बाणांनी जायचं, आणि येताना खाली काढत यायचं. एवढंच तर आहे."

"तू कधी त्या पहिल्या वळणापलीकडे गेली आहेस?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर जाऊन बघते."

मी तिला वेडी म्हटलं, बावळट म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. ती शांतपणे नाड्या बांधत बसली. मग उठली आणि गेली. फोनही नव्हता तिच्याकडे. त्या घरात फोन एकच, आणि तो त्याच्या खिशात.

दुपारनंतर धुकं आलं. आमच्याकडे धुकं येतं ते दार लावल्यासारखं, समोरची टपरी दिसेनाशी होते. मी सोल चिकटवायचं सोडून वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. वरून आलेला एक जण म्हणाला, माथ्यावर डबा घेतलेली बाई दिसली होती खरी, पण ती तर केव्हाच निघाली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. घळीत पडून पाय मोडलेली धाकटी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

टपरीवर गेले. स्वारी बाकावर ऐसपैस.

"अहो, ती आली नाही अजून."

"येईल की. वाट काय पळून जाते?"

"धुकं पडलंय!"

"ताई, तुम्हाला डोंगराची सवय नाही," असं म्हणून त्यानं आणखी एक चहा सांगितला. डोंगराच्या पायथ्याशी बूट शिवून माझे केस पांढरे झाले, आणि सवय नाही मला.

मी जंगलखात्याच्या माणसांना गोळा केलं. दोर आले, बॅटऱ्या आल्या. त्यांचा प्रमुख सरळ बाणरावांकडे गेला. "तुम्ही पुढे व्हा. उतरणीला वाट कुठेकुठे फुटते ते तुम्हालाच माहीत. कुठल्या फाट्यावर चुकली असेल?"

बाणराव उठला. गुडघ्यावर हात ठेवला, मग काढला. "तसं... म्हणजे... तळ्यापासून खाली आलं की..."

"खाली आलं की काय?"

ततपप. सगळी टपरी त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही उतरलाच नाहीत कधी?" प्रमुखानं विचारलं.

"पाळणा होता ना," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. काय काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. माणसं आपापल्या अंदाजानं वर गेली, हाका मारून मारून अंधार पडल्यावर परत आली. बाणराव घरी जाऊन झोपला. गुडघा दुखत होता म्हणे.

सकाळी माझ्या दुकानातला फोन वाजला. डोंगराच्या पलीकडच्या गावातून, एका लॉजच्या मालकीणबाई बोलत होत्या. तुमची बहीण आमच्याकडे आहे, सुखरूप आहे, काल संध्याकाळी आली, फोन बंद होते. माझा जीव भांड्यात पडला. धावत जाऊन मी बाणरावाला सांगितलं. "बघा, म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. मग विचारलं, "डबा आहे ना तिच्याजवळ? कचेरीचा आहे तो."

डोंगराला वळसा घालत मी एकटीच बसनं गेले. वाटेत ठरवून ठेवलं होतं की आधी एक थोबाडीत ठेवून द्यायची, मग जवळ घ्यायचं. ती लॉजच्या मागच्या खोलीत खाटेवर बसली होती, पाय गरम पाण्याच्या बादलीत, बोटांवर रंग कालवल्याचे लाल डाग. मी जवळच घेतलं. थोबाडीत द्यायची राहून गेली.

"धुक्यात चुकलीस ना?"

"धुकं नंतर आलं, ताई. मी या बाजूनं अर्धी उतरले होते तेव्हा. माथ्यावर तर लख्ख ऊन होतं."

"मग या बाजूला कशी आलीस?"

तिनं पाय बादलीतून काढले, पुसले.

"वरून आपलं गाव दिसतं. माझं घर दिसलं, तुझं दुकान दिसलं. टपरीचं छप्पर दिसलं. त्याखाली ते बसलेले असणार. मी खूप वेळ उभी राहिले. म्हटलं, आता इथून घरापर्यंत बाण काढत जायचं, म्हणजे उद्या लोक उतरतील, आणि हे टपरीवर बसून म्हणतील, ते आपले बाण." तिनं पाय पुसलेलं फडकं बादलीवर टाकलं. "मग मी पाठ फिरवली आणि इकडे उतरले. एकही बाण नाही काढला. डबा माथ्यावरच ठेवलाय."

मी रडायला लागले. ती नाही रडली. मालकीणबाईंना कपडे धुवायला आणि खोल्या आवरायला माणूस हवं होतं, तिचं बोलणं झालं होतं, खोलीही हीच. "माझे दोन कपडे आणून दे," ती म्हणाली. "आणि हे बूट मला राहू देत." या मुलीला मी जन्मभर बावळट म्हणत आले होते.

संध्याकाळी परत आले तर बाणराव माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेला. मी एकटीच उतरले हे बघून उठला.

"ती कुठे आहे?"

"येणार नाही ती," मी म्हटलं. "आजही नाही आणि पुढेही नाही. तिकडेच राहणार आहे. तिनंच सांगितलंय."

त्यानं डोंगराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता तरी याचा चेहरा पडेल, आता तरी हा खाली बसेल, काहीतरी विचारेल. क्षणभर मला त्याची दयासुद्धा आली.

"मग रविवारच्या आत बाण कोण काढणार?" तो म्हणाला.

आणि तसाच उभा राहिला. त्याला खरंच उत्तर हवं होतं.