क्षमेच्या कादंबऱ्या आणि आमचे नवरे

घरी बाळाचे मोजे साचतात, तसे आमच्या रविवारच्या मंडळात किस्से साचतात. उपासना झाली की आम्ही पाच-सहा जणी चर्चच्या मागच्या खोलीत बसतो. तिथल्या कपाटात मिशनच्या काळातल्या कादंबऱ्या आहेत. सगळ्यांची गोष्ट एकच : नवरा चुकतो, बायको रडते, प्रार्थना करते आणि शेवटच्या प्रकरणात त्याला क्षमा करते. पुस्तक आळीपाळीनं एकेकीच्या घरी जातं. भानगडी तिथूनच सुरू होतात!

*

रूथकाकू एकदा क्षमेचं पान उघडं टाकून भाजी आणायला गेल्या. परत येतात तर ते पान वाचून काका घामाघूम. "तुले जलेबीचं कोणी सांगतलं?"

काकांना शुगर. बीरगांवच्या चौकात रोज जलेबी चालली होती! काकूंना पत्ताच नव्हता. आता त्यांच्या घरी एक पान उघडंच असतं. "काय माहीत, अजून काय निघन!"

*

शीला मंडळातली सगळ्यात लहान. मराठी समजते, बोलते हिंदीत. नायिका अर्धं पुस्तक मार खाते हे ऐकून भडकली, "दीदी, ये पुलिस में क्यों नहीं जाती?"

वाचून दाखवणाऱ्या आमच्या चर्चच्या पाळकबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, ती प्रार्थना करून राहिली ना."

"तो थाने जाते-जाते कर ले!"

पाळकबाईंनी पान उलटलं. मग हळूच म्हणाल्या, "हव, बरोबर आहे पोट्टीचं."

*

मी एम.ए. झालेली. असल्या पुस्तकांचा माझ्यावर परिणाम होत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पण नायिकेला नवऱ्याच्या कोटातून अत्तराचा वास आला, आणि त्याच संध्याकाळी मी आमच्या ह्यांचा शर्ट हुंगला. अत्तर कुठलं, ते कामाला जातात त्या सिलतऱ्याच्या प्लांटची काजळी! शिंकांनी बाळ उठलं.

तरी संशय गेला नाही. हल्ली फोन पालथा ठेवतात. कोणी न सांगता बाळाला आंघोळ घालतात. "माणूस एवढा गोड काहून वागून राहिला?" मी काकूंना विचारलं.

काकू म्हणाल्या, "पुस्तक घरी ने."

*

नेलं. जो माणूस औषधाच्या बाटलीवरचंही वाचत नाही, तो काल बाळाला खांद्यावर घेऊन ओट्यापाशी उभ्याउभ्या कादंबरी वाचत होता!

"काहून वाचून राहिले?"

"असंच."

मग स्वतः चहा केला. साखरही बरोबर! समोर बसले, फोन सुलटा ठेवला आणि शेवटचं प्रकरण उघडून पुस्तक माझ्या हातात दिलं.

"आधी हे पूर्ण वाच. मोठ्यानं. मंग सांगतो."

मी वाचायला लागले. नायिका गुडघे टेकून देवाकडे काय काय मागत होती. मी एकच मागत होते : देवा, जलेबीच असू दे!