कॅन्टीनमधून आलेला फोन

रिझवाना महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याचं नेटवर्क सांभाळते. तिथले सगळे फोन इंटरनेटवर चालतात. प्रत्येक फोनच्या तळाशी त्याचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकावरून रिझवाना फोनला नेटवर्कमधला पत्ता ठरवून देते आणि पत्त्यापुढे जागेचं नाव टाकते. त्या फोनवरून गेटला फोन आला की तिथल्या पडद्यावर ते नाव उमटतं.

श्रावणातल्या एका दुपारी गेटवरून भिकाजीनं तिला फोन केला. तळीये गावाकडचा हा जुना रखवालदार सहसा घाबरत नाही.

"मॅडम, कॅन्टीनातनं फोन आलाय. कोन बोलत नाय. कुनीतरी खोकला, आन् आता नुसती घरघर."

रिझवाना कॅन्टीनकडे धावली. तिथे माणसं निवांत जेवत होती.

"आमचा फोन?" कॅन्टीन चालवणारी सारिका म्हणाली, "तो दुरुस्तीवाल्या जितेशभाऊंनी परवाच नेला. पंपघरातला ओलीनं बंद पडला होता."

फोन गेला तसं नावही त्याच्याबरोबर गेलं होतं. पंपघरात कारखान्याचं सांडपाणी साठतं, आणि पंप चालवणारा सुनील तिथे एकटाच असतो.

"भिकाजीकाका, पंपघर!" ती मोबाइलवर ओरडली. "बचाव पथकाला पाठवा! मास्कशिवाय कुणाला आत सोडू नका!"

ती स्वतः पंपघराकडे पळाली. वाटेत कुजक्या अंड्यांचा वास आला आणि दाराजवळ तो एकाएकी येईनासा झाला. विषारी वायूत नाकच बधिर होतं, हे तिला ठाऊक होतं. आत सुनीलचे पाय दिसत होते. ती मागे फिरली. ते सोपं नव्हतं.

पथकानं सुनीलला बाहेर काढलं. तो वाचला, पण हात अजून थरथरतात. आता तो गेटवर बसतो.

त्यानंतर रिझवानानं प्रत्येक फोन नेटवर्कमध्ये त्याच्या जागेवरच्या सॉकेटशीही जोडून ठेवला. कुणी हलवला की तिला लगेच कळतं.

आता मागची नवी इमारत सुरू होतेय. तिथले फोन बाहेरच्या ठेकेदारानं लावले. रोज सकाळी तिच्या पडद्यावर बिननावाचे पत्ते वाढलेले असतात.

"हे फोन नक्की कुठे आहेत, सर?" तिनं मॅनेजरना विचारलं.

"चालतायत ना? मग झालं."

ती आपल्या मोबाइलवरून एकेक फोन लावत नव्या इमारतीत फिरते, आवाज येईल तिथे नाव देते. एक मात्र सापडत नाही. तिच्या कानात रिंग जात राहते, आणि सगळे मजले पालथे घातले तरी कुठेच काही वाजत नाही.