खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

"काय झालंय बघू जरा," असं म्हणत ते वाफ्याशी उकिडवे बसायचे आणि बोटानं माती उकरायचे. मेथी पेरून दोनच दिवस झालेले असायचे. फुगलेला दाणा उन्हात धरून बघायचे, हिरमुसून परत पुरायचे, आणि तासाभरानं पुन्हा तिथंच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुकरची वाफ जायच्या आत झाकणाला हात घालणारी, एसटी दिसत नाही म्हणून स्टँडच्या बाहेर रस्त्यापर्यंत जाऊन येणारी. पण आमच्या शेटांइतका उतावीळ माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

साताऱ्यात ते आमच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायला आले. मूळचे विट्याकडचे. चौदाव्या वर्षी गाव सोडलं, तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात भट्टीपुढं बसले आणि पुढं तिथंच स्वतःचं दुकान काढलं. म्हणून कॉलनीत सगळे त्यांना शेट म्हणायचे. त्यांची बायको, आमच्या काकी, लग्नापासून गावीच राहिल्या. सासू-सासरे, मुलगा, परसातली भाजी, कोंबड्या, सगळं त्यांनी एकटीनं सांभाळलं. शेट यायचे ते दिवाळीला आणि जत्रेला.

मग काकींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. शेटांनी दुकान मुलाकडे सोपवलं आणि उपचार जवळ पडतील म्हणून काकींना घेऊन साताऱ्याला आले. इथं त्यांना काही काम नव्हतं. या खोलीतून त्या खोलीत जायचे, दार उघडायचे, लावायचे. काकी खिडकीतून शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे बघत असायच्या.

एक दिवस त्यांनी एकच शब्द काढला, "मेथी."

शेट चपला सरकवून निघालेच. संध्याकाळपर्यंत कुदळ आली, खोरं आलं, बियांच्या पुड्या आल्या, आणि प्लॉटच्या मालकाची फोनवर परवानगीही आली. जन्मात कधी शेती केलेली नाही. हाताला फोड आले. सोन्याचं बरं असतं, ते मला म्हणायचे, आच दिली की थोड्या वेळात खरं-खोटं समोर येतं. ही माती काही बोलतच नाही.

मेथी चार बोटं वर आली. काकींना सोबत हवी म्हणून ते विट्याच्या बाजारातून पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आले. वर झाकलेलं वेताचं डालगं उचललं तशा कोंबड्या सरळ वाफ्यात घुसल्या. शेट काठी घेऊन मागं, कोंबड्या पुढं. त्या धावपळीत कोंबड्यांनी खाल्ली त्याहून जास्त मेथी शेटांच्याच पायाखाली गेली. मी कुंपणाशी उभी होते. खिडकीत बघते तर काकी हसत होत्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. अर्धंच तोंड हसत होतं. शेटांचंही लक्ष गेलं. ते तिथंच थांबले आणि त्यांनी काठी टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी जुन्या साड्यांचं कुंपण घातलं, पुन्हा मेथी पेरली, कडेनं घेवडा लावला. पुढं महिनाभरानं एक कोंबडी खुडूक झाली. खाणं सोडून एका जागी फुगून बसली. काकींच्या सांगण्यावरून तिच्याखाली अंडी ठेवली. एकवीस दिवसांनी पिलं निघतात, हे त्यांनी शेटांना डाव्या हाताच्या बोटांवर मोजून दाखवलं.

पण शेटांना दम कुठला? दिवसातून चार वेळा ते कोंबडीला उचलायचे, अंडं कानाशी धरायचे, परत ठेवायचे. दहाव्या दिवशी कोंबडी कंटाळून उठली ती उठलीच. अंडी गार पडली. शेट तिला नाही नाही ते बोलत घरात आले. मी काकींना भाकरी चुरून देत होते. काकींनी डाव्या हातानं ताट बाजूला केलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या,

"आवं, तिला बसू द्यायचं. मी न्हाई बसले तीस वरसं? तुमी तकडं काय करताय ते कवा उटून बघाया आले मी?"

एवढं लांब बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. शेट आल्या पावली वळले. बाहेर नळाशी जाऊन उभे राहिले. नळ बंदच होता.

पुन्हा एक कोंबडी खुडूक झाली, तेव्हा काकींनी अकरा अंडी स्वतः निवडून दिली. शेटांनी डालगं पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि आपली खुर्ची त्याच्याकडे पाठ करून मांडली. सकाळी दाणा-पाणी ठेवायचे आणि हात मागं बांधून परत यायचे. मी शाळेत शिकवून आले की विचारायचे, "बाई, तुमी जरा बघा. मी न्हाई बघत." मी सांगायची, बसली आहे. एवढंच? एवढंच. मग ते बसल्या जागी पाय हलवत राहायचे.

सोळाव्या दिवशी काकींना धाप लागली. त्यांचा भाऊ सांगलीला होता, म्हणून मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडीत बसताना शेटांनी माझ्या हातात घराची किल्ली दिली. रोज संध्याकाळी फोन यायचा. काकी कशा आहेत विचारलं की म्हणायचे, हाय तशीच. मग कोंबडीची चौकशी करायचे.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी पडवीत गेले तर चिवचिव ऐकू आली. कोंबडीच्या पंखाखालून एक पिवळं डोकं बाहेर आलं होतं. मी पिलं मोजली आणि तिथूनच फोन लावला.

"किती?" शेटांनी विचारलं.

"नऊ."

"चालत्यात?"

"चालतायत की."

 मग ते म्हणाले, "बरं झालं. ती पहाटं गेली, बाई." आणि त्याच दमात, "पिलांवर डालगं घाला. घार येती."

 मी डालगं घातलं.

दिवसकार्य गावी झालं. नंतर दोन आठवड्यांनी मुलगा टेम्पो घेऊन घर रिकामं करायला आला. शेट आता त्याच्याबरोबर तमिळनाडूला जाणार होते. कोंबड्या माझ्याकडे राहायच्या ठरल्या. सामान चढेपर्यंत शेट वाफ्यापाशी नुसते बसून होते, आणि त्यांनी कुठंही हात लावला नाही. मेथीला फुलं आली होती. कोंबडी पिलांना घेऊन साड्यांच्या कडेनं माती उकरत होती.

मुलाला आपल्या लेकीची आठवण झाली. एक पुठ्ठ्याचं खोकं आणून तो म्हणाला, दोन पिलं नेऊ या, पोरीला आवडतील.

शेट उठले. "नगं रं," ते म्हणाले. "एवढ्यात आईपासनं तोडू नगं."

मुलगा खोकं हातात धरून तसाच उभा राहिला. मग ते त्यानं फाटकाशी ठेवलं आणि वडलांना हात देऊन टेम्पोत चढवलं. टेम्पो कोपऱ्यावर वळला, तरी मी त्या खोक्याकडेच बघत होते.